दोन घड्याळजी आणि एक कॅसेट

भांडणाचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांना तीच ती वेळ आणि तोच तो फलाट सांगून माझा आवाज एकदा वरच्या पट्टीत गेला तो गेलाच, घरी आल्यावरही खाली उतरत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी भांडते, जास्त झालं तरी भांडते. बोलून मोकळी झाले की पाच मिनिटांत विसरून जाते. हा गुण माझ्यात कुठून आला देव जाणे, कारण माझे बाबा आणि माझे थोरले काका ही दोन माणसं अशी, की त्यांच्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटा घेऊन बसावं.

चिमटा मात्र दोघांच्याही हातात असायचा. दोघं घड्याळजी. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर एक अरुंद दुकान, काचेमागे दोन टेबलं, आणि प्लायवूडच्या आडोशामागे आणखी एक खोली, जिच्यात मधे उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. काकांच्या उजव्या डोळ्याभोवती भिंगाची गोल खूण कायमची उमटली होती. लग्न त्यांनी केलं नाही. नकार कुणी दिला नव्हता, त्यांनीही दिला नव्हता. करू, बघू म्हणता म्हणता विषयच निघेनासा झाला. दोन गल्ल्या सोडून त्यांची भाड्याची खोली होती आणि तिथे कप एकच होता. मी गेले की चहा मला कपात मिळायचा आणि ते स्वतः पेल्यातून प्यायचे. दुसरा कप आणा की, असं मी दर वेळी म्हणायचे, आणि ते दर वेळी म्हणायचे, आणू.

मला ते ठिणगी म्हणत. त्यातही कौतुक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दोघा भावांचा अबोला माझ्या शाळेच्या दिवसांत सुरू झाला. त्यांची आई आजारी होती. काका म्हणाले, डॉक्टरांना घरीच बोलवू, तिला हलवायला नको. बाबा म्हणाले, दवाखान्यात नेऊ. बाबांनी गाडी आणली, आणि आजी वाटेतच गेली. दवाखान्याच्या दारात काका एवढंच म्हणाले, "मी सांगितलं होतं." बाबांनी उत्तर दिलं नाही. तेव्हा दिलं नाही आणि पुढेही कधी दिलं नाही. संपलं भांडण. माझ्या हिशेबाने याला भांडण म्हणणंसुद्धा चूक आहे. भांडण म्हणजे दोन्ही बाजूंनी काहीतरी बोललं जायला हवं.

दुकान एकच, तेव्हा त्यांनी दिवस वाटून घेतला. सकाळी दहा ते दोन काका, दोन ते आठ बाबा. हे कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता येत नाही, पण त्यात एका मिनिटाचीही चूक झाली नाही. एक टेबलावर असताना दुसऱ्याने पायरी चढायची नाही, हा त्यातला पहिला नियम. कामाचं काही सांगायचं तर घड्याळाच्या पाकिटात चिठ्ठी: 'काच बसवली. काटा घासतो, बघणे.' चिठ्ठीत घड्याळाशिवाय दुसरं अवाक्षर नाही, हा दुसरा नियम. उरलंसुरलं बोलणं माझ्या गळ्यात. आई काकांचा डबा माझ्याबरोबर पाठवायची, आणि डब्याबरोबर 'काकांना विचार' आणि 'बाबांना सांग' असं रोज काहीतरी असायचंच. आठवीत असताना मी एकदा डबा टेबलावर आपटून सांगितलं की मी टपाल नाही, तोंडं आहेत ना, बोला. काका भिंगातून माझ्याकडे बघून हसले आणि बाबांनी त्या दिवशी मला आइस्क्रीम दिलं. बोललं मात्र कुणीच नाही.

दुकानात एक खेळ आला तो अबोल्याच्या दुसऱ्या वर्षी. जहाजावर काम करणारा एक गिऱ्हाईक टीव्हीला लावायचं, व्हिडिओ गेमचं एक चौकोनी मशीन घेऊन आला. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला सगळंच येतं अशी लोकांची समजूत असते. मशीनची वायर तुटली होती आणि वर एक जपानी कॅसेट खोचलेली होती. आठवड्याने नेतो म्हणाला, तो गेला तो गेलाच. आता आमच्या दुकानाची एक रीत होती, दोघांच्या वडिलांपासूनची. न्यायला कुणी आलं नाही तरी वस्तू विकायची नाही, टाकायची नाही, आणि चालू स्थितीत ठेवायची. वरच्या फळीवर अशी पन्नासेक घड्याळं होती. काका दर महिन्याला सगळ्यांना चावी देत, तेल पाहत, सेल बदलत. मालक उद्या दारात उभा राहिला तर त्याच्या हातात चालतं घड्याळ पडलं पाहिजे. त्याच हिशेबाने त्यांनी मागच्या खोलीत जुना टीव्ही मांडला आणि मशीन चालतंय का ते बघायला सुरू केलं.

पडद्यावर एक बुटका माणूस आला. डोक्यावर टोपलीएवढी गवती टोपी, हातात दोरी, दोरीला आकडा. आकडा वर टाकायचा, फळीत अडकवायचा, झोका घ्यायचा आणि पलीकडे उडी मारायची. वाटेत एका पायावर उड्या मारणाऱ्या छत्र्या, पंखे फेकणारी माकडं, अंगावर घरंगळत येणारे ढोल. अक्षर एकही वाचता येत नव्हतं. खेळाचं नाव काय, हा बुटका कोण, कुठे चाललाय, का चाललाय, काही कळायला मार्ग नाही. काका त्याला बुटक्याच म्हणायला लागले. ढोलांपाशी तो पंधरा वेळा मेला, सोळाव्यांदा मेल्यावर काकांनी, उद्या तिथूनच पुढे खेळता यावं म्हणून, डाव साठवून मशीन बंद केलं, कारण दहा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुरू केलं तेव्हा बुटक्या ढोलांच्या पलीकडे उभा होता.

हे काकांनी मला सांगितलं ते कितीतरी वर्षांनी. म्हणाले, मी नुसता बघत राहिलो. दुकानाच्या दोनच किल्ल्या होत्या, एक त्यांच्याकडे आणि एक बाबांकडे. चिठ्ठी लिहिता येत नव्हती, नियमात बसत नव्हतं. मग त्यांनी पुढचा एक टप्पा पार केला आणि तिथे डाव साठवून ठेवला. संध्याकाळी दुकान मिटल्यावर बाबांनी त्याच्या पुढचा केला. सकाळचा अर्धा तास काकांचा, संध्याकाळचा अर्धा तास बाबांचा, असं नऊ वर्षं चाललं. खेळाच्या मधे मधे बुटक्याची झोपडी लागायची आणि झोपडीत एक पेटी असायची. जीव वाढवणारी लाल फळं तिच्यात ठेवता येत. काका आपली फळं खायचेच नाहीत. धाकट्याची झोक्याची वेळ चुकते, त्याला लागतात, म्हणून पेटीत ठेवून द्यायचे. बाबा ती खायचे आणि अवघड टप्पे तसेच सोडून ठेवायचे, कारण दादाचा हात स्थिर, ते त्याला जमतं. एका भावाने दुसऱ्याला एवढं ओळखावं आणि पायरीवर समोर आला तर मान वळवावी, याला काय म्हणायचं? मी तर वेडेपणाच म्हणते.

मी एकदा इंटरनेटवर त्या खेळाचा शोध घेतला. तास दोन तास खपून एक फोटो सापडला, त्याच कॅसेटचा. खाली कुणीतरी विचारलं होतं, हा खेळ आणखी कुणी खेळलंय का. त्याला सहा वर्षं झाली होती आणि उत्तर एकही नव्हतं. मी हे काकांना सांगितलं तर त्यांना आनंदच झाला. मग आम्ही दोघंच, म्हणाले.

बुटके महाशय शेवटी एका बुरुजाच्या टोकाला पोचले. तिथे मोठं लाल दार होतं. आत शेवटचा राक्षस असणार हे न वाचताही कळत होतं. काकांनी दाराशी डाव साठवला आणि दार धाकट्यासाठी ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर बुटक्या दाराशीच. पेटीत मात्र फळं वाढलेली. बाबांनी मागे जाऊन फळं गोळा करून आणली होती आणि दार दादासाठी ठेवलं होतं. दीड वर्ष हे असं चाललं. आत कुणीच जाईना. काकांना मी विचारलं, भीती वाटत होती का राक्षसाची? ते म्हणाले, राक्षसाची नाही गं. खेळ संपला असता.

आणि मग सेलचं झालं.

काकांचा एक शिरस्ता होता. सेल मरायची वाट बघायची नाही, त्याआधीच बदलायचा. मेलेला सेल गळतो आणि घड्याळाला आतून खातो. उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी फळीवरच्या बेवारशी घड्याळांचे सेल बदलले, आणि कॅसेटचं मागचं झाकणही एकदा उघडून बघावं असं त्यांच्या मनात आलं. आत नाण्याएवढा चपटा सेल होता, कडेला हिरवट झालेला. बरं झालं बघितलं, नाहीतर धाकट्याच्या हातात असताना बंद पडला असता. त्यांनी जुना सेल काढला, जागा स्पिरिटने पुसली, नवा बसवला, डाख देऊन पक्का केला, आणि सवयीप्रमाणे त्याच्यावर बारीक अक्षरात तारीख घातली. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम त्यांनी त्या दिवशी केलं असेल. सेल बदलला की घड्याळ चालू होतं आणि काटे पुन्हा लावले की झालं, हेच त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं. खेळाची सगळी आठवण त्या सेलच्या जिवावर टिकलेली असते, ती क्षणभरही विजेशिवाय राहत नाही, हे एखाद्या घड्याळजीला कोण सांगणार? दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणी ते झाकण उघडलंच नसतं.

मशीन सुरू केलं तर डाव साठवायच्या तिन्ही जागा कोऱ्या होत्या.

त्या सकाळी आमच्या दुकानाचं दार पहिल्यांदाच उघडून आतून लावलं गेलं. काका मागच्या खोलीत बसले आणि पहिल्यापासून खेळायला लागले. दोन वाजायच्या आत जमेल तेवढं पुढे जायचं. मी डबा घेऊन गेले तर दार उघडेना. खूप वेळ ठोकल्यावर उघडलं. अंगावरचा शर्ट घामाने भिजलेला, भिंग कपाळावर सरकलेलं. नऊ वर्षांचं काम चार तासांत करायला निघालेला तो माणूस मला तेव्हा नुसता विक्षिप्त वाटला, मी डबा ठेवून कामावर गेले. दोन वाजता बुटक्या कसाबसा ढोलांच्या दुसऱ्या टप्प्यापाशी पोचला होता. काकांनी डाव साठवला आणि उठले. नियम म्हणजे नियम.

बाबांनी त्या संध्याकाळी मशीन सुरू केलं असणार. त्यानंतर केलं नाही. दुसऱ्या दिवशी बुटक्या काकांनी सोडला तिथेच होता, तिसऱ्या दिवशीही, आठवड्याने आणि महिन्यानेही. काका एक टप्पा पुढे जात, पेटीत फळ ठेवत. फळ तसंच राही. त्यांना वाटलं, धाकट्याने मनाला लावून घेतलं: दादाने सगळं पुसून टाकलं, आता काही उरलं नाही. चिठ्ठ्या येत होत्या, 'पट्टा बदलला, चावी सैल आहे.' त्यांत दुसरं काहीच नव्हतं. काका त्या चिठ्ठ्या भिंग लावून वाचायचे, दोन दोनदा.

दोन वर्षांनी त्यांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही, काचबिंदू. कडेचं दिसेना, मग समोरचंही एवढंसं दिसायला लागलं, नळीतून बघावं तसं. चिमट्यातला स्क्रू दिसे, पण रस्त्यापलीकडचं माणूस दिसत नसे. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. आत्या, म्हणजे दोघांची बहीण, दुसऱ्या गावी एकटी होती. तिने बोलावून घेतलं. खोली सोडायची ठरली, शेवटचा दिवस ठरला.

त्याच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा काकांनी मला बसवून सेलपासूनचं हे सगळं सांगितलं. माझ्या आठवणीत ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "ठिणगे, तू सांग त्याला. मी मुद्दाम पुसलं नाही म्हणावं."

मी नाही म्हटलं. मी चिडले होते, मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी आणखी चिडते. मी म्हटलं, इतकी वर्षं मी निरोप वाहिले, हा वाहणार नाही. उद्या दोन वाजता उठू नका. बसून राहा. ते येतील तेव्हा तोंडाने सांगा. काका म्हणाले, बसतो. आणि मी स्वतःवर खूश होऊन घरी आले. दोन भावांना आपण एकत्र आणलं, असं मला वाटत होतं. बाबांना मी एक अक्षर सांगितलं नाही, बेत फसू नये म्हणून.

तो दिवस गेला, आणि त्याच्या पुढच्या सकाळी काका पिशवी घेऊन माझ्या खिडकीपाशी आले. त्यांच्या गाडीचा फलाट त्यांना माहीत होता, तरी त्यांनी रांगेत उभं राहून विचारला. मी विचारलं, बोललात? ते म्हणाले, "आला नाही तो. पाचपर्यंत बसलो." मागे रांग होती. मी फलाट सांगितला. ते हाताने कठडा चाचपत गेले, आणि मी त्यांच्या मागे खिडकी सोडून गेले नाही, हे मला आता दिवसातून एकदा तरी आठवतं.

बाबांचा मला इतका संताप आला की तो शब्दांत मावेना. भावाचा शेवटचा दिवस, तो ताटकळत बसलेला, आणि हा माणूस दुकानातच गेला नाही. मीठ कमी पडलं म्हणून भांडणारी मी, या वेळी भांडले नाही. मी बाबांशी बोलणंच बंद केलं. ताट वाढायचे, औषधं काढून द्यायचे, पण बोलत नव्हते. आईने विचारलं काय झालं, तर काही नाही म्हटलं. बाबांनी काही विचारलं नाही. त्यांना या गोष्टीचा सराव होता. सात महिने आमच्या घरात मी तोंड मिटून वावरले आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत राहिले, की बघा, कळू द्या कसं वाटतं ते.

आत्याचा फोन आला तेव्हा दुपार होती. काका जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. बाबांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. ते काहीच बोलेनात. त्यांचं ते न बोलणं बघून माझा बांध फुटला. सात महिन्यांचं सगळं मी एका दमात त्यांच्या अंगावर ओतलं. सेल, तारीख, आतून लावलेलं दार, चार तास, ढोल. त्यांनी मुद्दाम पुसलं नव्हतं हे सांगायला ते बसले होते आणि तुम्ही गेलाच नाहीत.

बाबा म्हणाले, "मुद्दाम पुसलं नव्हतं हे मला माहीत होतं."

ते हळूहळू सांगायला लागले. बंद पडलेल्या वस्तूचं पहिल्यांदा झाकण उघडायचं, हे त्यांच्याही हाताला लागलेलं. त्याच संध्याकाळी त्यांनी कॅसेट उघडली होती. आत नवा सेल, त्यावर दादाच्या अक्षरात त्या दिवसाची तारीख. बघताक्षणी सगळं कळलं. म्हणाले, एवढं झाल्यावर तरी तो मला येऊन सांगेल असं वाटलं. एकदा काहीतरी स्वतःच्या तोंडाने सांगेल. मी पुढे खेळलो असतो तर त्याला सांगायची गरजच उरली नसती. म्हणून थांबलो.

"मग त्या दिवशी का गेला नाहीत?" मी विचारलं.

"गेलो होतो," बाबा म्हणाले. "पावणेदोनला गेलो. तो टेबलावर होता. तो बसलेला असताना पायरी कशी चढणार? मी समोरच्या छापखान्याच्या ओट्यावर बसलो. दोन वाजले तरी तो उठेना. तीन वाजले. मला वाटलं, शेवटचा दिवस आहे, टेबल सोडवत नसेल त्याला. बसू दे. उठून बाहेर आला की रस्त्यातच गाठेन म्हटलं. तो आला, माझ्याकडे तोंड करून पायरीवर उभा राहिला, सरळ माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला."

रस्त्यापलीकडचं त्यांना दिसत नव्हतं, हे मी बाबांना सांगितलं. डोळे गेले हे बाबांना ठाऊक होतं, किती गेले हे ठाऊक नव्हतं. ते कुणी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. मला त्यांच्याजवळ जायचं होतं, पण सात महिन्यांनंतर कसं जायचं ते सुचेना. काका गेले त्या संध्याकाळी घरी येऊन मी नेहमीसारखी भांडले असते, तर तेव्हाच कळलं असतं. आत्याच्या गावची पुढची गाडी सकाळी होती, फोन होता, सात महिने होते. आयुष्यात एकदाच मी गप्प बसले.

"काका पाचपर्यंत बसले होते," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं.

"सव्वापाच," बाबा म्हणाले. "मी बघत होतो."